तेहतीस फुटांवरचा तांबडा थर

आधीच सांगते, मी भूतबित मानत नाही. घरात कोणी दृष्ट काढायला लागलं की मीठ-मिरच्या वाया घालवू नका म्हणून भांडणारी मी! त्यात कामही असं, की खडक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नकाशावर त्याचा रंग भरायचा नाही. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण लिहिते.

मागच्या उन्हाळ्यात कर्जत तालुक्यात आम्ही खडकांच्या थरांचा नकाशा करत होतो. सपाट रानात थर दिसणार कुठे? म्हणून नव्याने खोदल्या जाणाऱ्या विहिरी शोधायच्या, तिथल्या भिंतीत सगळं उघडं पडलेलं असतं. माझे मदतनीस भानुदासकाका, पन्नाशीचे, टेप घेऊन आत उतरायचे आणि थर ओरडून सांगायचे. मी काठावरून तेच परत म्हणायचे. खालून ‘व्हय’ आलं, की मगच वहीत लिहायचं. चूक होऊ नये म्हणून ही पद्धत.

मिरजगावच्या अलीकडे, हायवेपासून दोनेक किलोमीटर आत एका विहिरीचं काम चालू होतं. दुपारचे बारा वाजलेले. चार खोदकामगार लिंबाखाली भाकरी खात होते. काका यारीच्या, म्हणजे डबर वर ओढायच्या क्रेनच्या, बकेटमधून खाली गेले.

“सहा फुटापत्तुर माती आन् मुरूम.”

“सहा, माती-मुरूम.”

“व्हय.”

मग मांजऱ्या, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा ठिसूळ खडक, मग काळा पाषाण. मी वहीत मान घालून लिहीत होते.

“तेहतीस फूट. तांबडा. वला हाय, सुटतोय.”

मी परत म्हटलं. ‘व्हय’ आलं. लिहिलं.

काका वर आले, वहीत डोकावले. “ताई, ह्यो तेहतीस कुठनं आनला? इहीर अठ्ठावीस फूटच हाय की. तळाला काळा पाषाण.”

“तुम्हीच सांगितलंत! व्हय पण म्हणालात.”

“मी न्हाई बा.”

मी ती ओळ खोडरबराने पुसली. न पाहिलेला थर कसा लिहिणार? पण जेवायचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. पाषाणाखाली खरंच ओला, सुटणारा थर असेल तर वरची भिंत कशाच्या जिवावर उभी राहणार? आणि ही माणसं तर जेवण झालं की सुरुंग उडवून लगेच डबर भरायला उतरणार. बोलले तर वेडी ठरेन. नाही बोलले आणि काही झालं तर...?

शेवटी त्या चौघांतल्या मुकादमाला, महादूला गाठलं आणि चक्क खोटं बोलले. “आमच्या नकाशात खाली तांबडा थर दाखवलाय. सुरुंगानंतर आज कोणी उतरू नका.”

तो हसला. “म्याडम, लई इहिरी खांदल्यात आमी. नकाशा बघून खांदत्यात व्हय कुनी?”

सुरुंग उडाला. धूर विरला तशी चौघं उठली. मला काय सुचलं देव जाणे, मी धावत जाऊन यारीच्या बकेटमध्ये बसले. “मला उचलून बाहेर काढा, मगच उतरा!”

बाईमाणसाला हात कोण लावणार? महादू चिडला, डोक्याला हात लावला. “बरं बाई, च्या हुईस्तवर थांबतो. फुडं तुमी ऐकायचं.”

चहाला उकळी फुटायच्या आत विहिरीची पूर्वेकडची भिंत धाडकन आत बसली. धूळ खाली बसल्यावर तळाशी तांबडा, ओला चिखल दिसला. महादूने बाकीच्या तिघांना काठावरून मागे ओढलं. “चौघंबी आत असतो,” एवढंच म्हणाला. मी बकेटमध्येच रडायला लागले.

सुरुंगाने तळ पाच-सहा फूट खाली फुटला होता. दोन दिवसांनी उरलेल्या भिंतीलगत, डबरातल्या फटीतून, काठावरूनच टेप सोडला. तांबडा थर बरोबर तेहतीसवर!

तुम्ही म्हणाल, उन्हाचा भास. मीही तेच म्हणत होते. पण परतताना जीपमध्ये काकांनी विचारलं, “ताई, त्या दिशी मी अजून खालीच थांबनार हुतो. तळ ठोकून बघायचा हुता. मग तुमी वरनं का हाक मारली, ‘काका, बास, लगेच वर या’ म्हनून?”

मी हाक मारलीच नव्हती. मी फक्त आकडे परत म्हणत होते.

नकाशा आता पुरा झालाय. सोबतच्या तक्त्यात प्रत्येक थरापुढे दोन नावं लागतात : माप सांगणाऱ्याचं आणि लिहिणाऱ्याचं. तेहतीस फुटांपुढे लिहिणारी म्हणून माझं नाव आहे. काका म्हणाले, “माजं घालू नका, मी सांगितलंच न्हाई.” साहेबांनी दोनदा विचारलं, तरी सांगणाऱ्याचा रकाना मी अजून कोराच ठेवलाय.