देव्हाऱ्यातला काळा दगड

अंधेरीच्या ऑफिसात डबा उघडत होते तेव्हा दादाचा फोन आला. "वृषाली गेली गं," एवढंच म्हणाला. मी डब्याचं झाकण पुन्हा लावलं आणि रिक्षा पकडून भांडुपला पोचले. रडू आलं नाही. महिना उलटून गेला, अजूनही आलेलं नाही...

वृषाली माझी वहिनी. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिच्या बॅगेत मऊ फडक्यात गुंडाळलेला एक काळा, चपटा दगड होता. आमच्या मालवणी आईने तो माहेरचा देव समजून हात जोडले आणि थेट देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. सकाळी देवांबरोबर त्यालाही आंघोळ! दादा हसून हसून बेजार. मी तर सगळ्या नातेवाइकांना कळवून मोकळी झाले. असल्या बाबतीत माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. वहिनी मात्र ओल्या दगडाकडे बघत राहिली. कोरडा असताना नुसती पाटी, पण पाणी पडताच त्यावर करवतीच्या पात्यासारख्या बारीक रेघा उठल्या होत्या.

"आई, हे ग्रॅप्टोलाइट नावाच्या प्राण्यांचे ठसे. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात होते, आता एकही उरला नाही. रेघेवरच्या एकेका दातात एकेक जीव राहायचा, सगळे एकमेकांना जोडलेले."

"म्हणजे आमची चाळच की गो!"

"अगदी चाळ. तरंगती."

"मगे ऱ्हवांदे हंयच. पाण्यातलोच मां तो, रोज न्हाणयतंय."

दगड तिथेच राहिला. पुढे वहिनी विद्यार्थ्यांना मुद्दाम पूजेच्या वेळेला घरी बोलवायची. आई ताम्हन घेऊन बसलेली, मागे मुलं दाटीवाटीने उभी, आणि वहिनी मध्येच म्हणायची, "आई, जरा अजून पाणी." आईचा तोरा त्या वेळी बघण्यासारखा असे.

वहिनी गेली आणि सुतक आलं. देव पारोसे, दगडही कोरडा. रेघा दिसेनाशा झाल्या. मी येता-जाता देव्हाऱ्याकडे बघायचे आणि मला उगाचच वाटायचं, आता त्या पुन्हा उठणारच नाहीत. सुतक फिटल्यावर आईने देव पूजेला घेतले, दगडाला मात्र हात लावला नाही. मग कॉलेजातून फोन आला. आपल्यामागे दगड तिथल्या संग्रहात ठेवायचा, असं वहिनी सांगून गेली होती. आईला विचारायचा दादाला धीर होईना. ते काम माझ्याकडे आलं.

गेल्या रविवारी आई पूजेला बसली असताना मी सांगून टाकलं. दगड उचलून तिने ताम्हनात ठेवला, वर पाणी घातलं. रेघा उठल्या, होत्या तश्शा... आईने त्यांच्यावरून एकदा बोट फिरवलं.

"न्हेवंदे," ती म्हणाली. "पण सुको ठेव नकात म्हणान सांग तेंका."

मी पुसायला फडकं पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. दगड आपोआप सुकेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.