सरपंच आणि विझलेला ज्वालामुखी

लीड्समधल्या आम्हा मराठी मंडळींत तिला कुणी नावाने हाक मारत नसे. ती सरपंच होती. कुणाच्या मुलाला कुठल्या शाळेत घालावं, कुणी आईला भारतातून कधी बोलवावं, गणपतीच्या मसालेभातात काजू घालावेत की नाही, सगळ्याचा निकाल तिच्याकडे लागे. बहुतेक वेळा तो कुणी मागितलेलाही नसे. ‘मी विचारत नाहीये, सांगतेय,’ हे तिचं पालुपद.

एका मोठ्या हॉस्पिटलात ती वॉर्डची सिस्टर होती. जन्मभर दुसऱ्यांना सलाईन लावणाऱ्या या बाईची दोन्ही मूत्रपिंडं पन्नाशीनंतर निकामी झाली. मग घरीच डायलिसिस सुरू झालं. पोटात बसवलेल्या नळीतून पिशवीभर द्रव आत सोडायचा, काही तासांनी काढून टाकायचा, पुन्हा नवा सोडायचा. रोज, दिवसभर हेच चक्र. पाणी मोजून प्यायचं. चहा तर तिचा जीव की प्राण, तो आता वाटीभर मिळे. मी नंतर ब्रिस्टलला राहायला गेले होते; तिथून भेटायला गेले की माझ्यापुढे भलामोठा मग ठेवून ती म्हणायची, ‘तू पी. मी बघते.’

मूत्रपिंडासाठी प्रतीक्षायादीत तिचं नाव होतं. दात्याचं मूत्रपिंड मिळाल्याचा फोन आला की काही तासांत हॉस्पिटलात हजर व्हायचं. त्यामुळे फोन म्हणजे तिच्या घरातला सगळ्यात मानाचा पाहुणा झाला. अंघोळीला जाताना तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर, देवळात मांडीवर, सिनेमाला तर जाणंच बंद. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी रिया लंडनमध्ये इल्फर्डला शिक्षिका. दर वेळी रियाचा फोन आला की आधी आशेने उजळणारा आणि मग पडणारा तिचा चेहरा मी कितीदा पाहिलाय.

एका मे महिन्यात तिने मला फर्मावलं, ‘शुभा, रजा टाक. मोटरहोम भाड्याने घेतलंय, झोपणं-स्वयंपाक सगळं गाडीतच. स्कॉटलंडला एक विझलेला ज्वालामुखी आहे, त्याच्या पोटात जाऊन राहायचंय.’ टीव्हीवर तिने आर्डनामर्खनचं ते द्वीपकल्प पाहिलं होतं. मी म्हटलं, तिथे फोनला रेंज नसते. रियानेही फोनवर आकांत केला. सरपंचने सगळं ऐकून घेतलं आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘किती वर्षं त्या फोनची राखण करू गं? एकदा कुठेतरी जाऊ दे मला.’ तिने हुकूम सोडण्याऐवजी काही मागितल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. मी नाही म्हणू शकले नाही. नाहीतर ती एकटीच निघाली असती, हेही तितकंच खरं.

द्रवाच्या पिशव्यांच्या खोक्यांनी मोटरहोम भरलं. फेरीबोटीतून पलीकडे उतरलो आणि एकपदरी रस्त्याने जात जात त्या ज्वालामुखीच्या पोटात पोचलो. चारी बाजूंनी काळ्या खडकाळ टेकड्यांचं रिंगण, मधे ओलसर गवताळ सपाटी, थोडी घरं, थोड्या मेंढ्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे आग होती यावर विश्वास बसू नये इतकं शांत. सरपंच घडीच्या खुर्चीत बसून टेकड्यांकडे अशी पाही, जणू त्यांनाही आता कामाला लावणार आहे. ‘इथे घर बांधणाऱ्यांचं डोकं तपासायला हवं,’ ती म्हणाली, आणि पुढच्या क्षणी कुठलं घर विकाऊ असेल याची चौकशी करू लागली. रोज सकाळ-दुपार आम्ही रेंज मिळेल अशा चढावर गाडी नेत असू. निरोप नसे. परत येऊन ती गाढ झोपे.

मग एका सकाळी, त्या चढाकडे निघालो असताना, समोरून गुरांचा ट्रक आला. त्याला वाट द्यायला मी गाडी कडेला घेतली आणि डावी चाकं दलदलीत रुतली. ट्रकवाल्याने शेतकऱ्याला ट्रॅक्टर घेऊन पाठवतो म्हणून सांगितलं. वाट पाहूनही कुणी आलं नाही, तेव्हा दोघींचे फोन घेऊन मी चालत चढाकडे निघाले.

वर पोचताच तिचा फोन थरथरायला लागला. निरोपावर निरोप. मूत्रपिंड मिळालंय, ताबडतोब फोन करा. पुढचा, कृपया फोन करा. मी फोन लावला. पलीकडची हॉस्पिटलातली बाई शांत होती, मीच ओरडत होते. आम्ही निघतो, गाडी रुतलीय पण निघतो, हेलिकॉप्टर मिळेल का, काहीतरी करा. तिने मला बोलू दिलं. मग म्हणाली की खूप वाट पाहिली, शेवटी यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावलं. तो हॉस्पिटलात पोचलाय. मी तिथल्याच एका खडकावर बसून राहिले. खाली ती पांढरी गाडी खेळण्याएवढी दिसत होती आणि दारात ती उभी होती.

मी परत आले तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

‘आला होता ना?’

‘हो.’

‘गेलं?’

मी मान डोलावली. ओट्यावर माझा सकाळचा चहा थंड होऊन पडला होता. तिने तो चहाचा मग उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला. मी अडवलं नाही. मग नव्या पिशवीची वेळ झाली म्हणून तिने ती कपाटाच्या हुकाला लावली, पण नळीचा चाप काही तिला बंद करता येईना. हजारो वेळा केलेलं काम. मी तिचे हात धरले, तेव्हा ती माझ्या खांद्यावर कोसळली. ‘मीच गं, शुभा. मीच घालवलं.’ ट्रॅक्टर येईपर्यंत ती एवढंच म्हणत राहिली.

पुन्हा तसा फोन आला नाही. हिवाळ्यात पोटात जंतुसंसर्ग झाला, मग हृदय थकलं. मी शेवटचे दिवस तिच्याजवळ होते. जाण्याच्या आदल्या दुपारी तिने डोळे उघडून मला बजावलं, ‘रिया तुला बोलेल. बोलू दे तिला. उत्तर देत बसू नकोस.’

अंत्यसंस्कार झाल्यावर बाहेरच्या बागेत रियाने मला गाठलं. ‘मावशी, तू तिला का नेला? का?’ तिचं मराठी रागात आणखीच अडखळत होतं, मग ती इंग्रजीत बोलत राहिली, बराच वेळ. मी तिला बोलू दिलं. शेवटी तिच्याजवळचे शब्द संपले. तिने डोळे पुसले आणि विचारलं, ‘तिथे आई हॅपी होता?’

एवढं उत्तर तरी मला द्यावंच लागलं.

‘हो,’ मी म्हटलं. ‘फोन येईपर्यंत.’