सोमवारचे बोंबील

काल बोंबील भाजले, तर शेजारीण दारात. "काकू, वास येतोय हो, खिडकी लावता का?" खाली परवाना घेऊन बार उघडलाय, त्याच्या वासाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मी खिडकी लावली.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजत होत्या तेव्हा मी काळाचौकीच्या चाळीत नवी नवरी होते. दारूबंदी कडक होती. शेजारची विधवा आनंदीमावशी चोरून गावठी गाळून पोरं वाढवत होती. एका सकाळी जिन्यातून "पोलीस!" अशी हाक आली, तशा सासूबाई म्हणाल्या, "सूनबाय, निखाऱ्यार बोंबील टाक!" बघता बघता घरोघरी बोंबील भाजू लागले आणि सडक्या गुळाचा तो आंबूस वास धुरात बुडून गेला.

हवालदार नेमका आमच्याच दारात थबकला. तोही मालवणीच. "आज सोमवार मा, काकी?"

सोमवारी चाळीत कुणी मासळीला शिवत नसे, हे गडबडीत सगळ्याच विसरल्या होत्या.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्या मांजराक सोमवार नसता."

तो मिशीत हसला आणि जिना उतरला.

काल बंद खिडकीआड धूर डोळ्यांत जात राहिला. जिच्यासाठी सोमवार मोडावा, अशी शेजारीण आता राहिली नाही.