काढा कुणाचा

तो काढा आठवला की माझं डोकं अजून तापतं. न्यू जर्सीतल्या आमच्या लॅबमध्ये २००५च्या सुमारास तो मातीच्या भांड्यात उकळायचा. उकळणारी बाई माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायची. चीनमध्ये तिथलं पारंपरिक औषधशास्त्र शिकून आलेली, माझ्यापेक्षा बरीच मोठी. तिचं म्हणणं असं, की काढा पोटात गेला म्हणजे लगेच औषध होत नाही. आधी आतड्यातले जंतू त्याला फोडतात आणि त्या फोडाफोडीत जंतूंची वस्तीही बदलते. हे तिला उंदरांवर दाखवायचं होतं. तिचा व्हिसा याच प्रोजेक्टवर होता आणि मुलीचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष सुरू होणार होतं. तेवढं तरी इथे पूर्ण व्हावं, ही तिची धडपड.

आमचे बॉस मराठी. फार पूर्वी आलेले डॉक्टर, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पहिल्या रांगेतले. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "सर नको, काका म्हण." मी हुरळले. काकांना आयुर्वेदाचा अभिमान इतका, की बोलायला लागले की थांबायचे नाहीत. चिनी काढ्याला मात्र नाकाला रुमाल. "आज कुणाचे मोजे शिजवलेत?" असं विचारून स्वतःच हसायचे. ग्रँट मिळाली म्हणून प्रोजेक्ट ठेवलेला, एवढंच.

आम्ही दोघी एका कॉन्फरन्सला गेलो होतो. तेवढ्यात दुसऱ्या कामासाठी जागा हवी म्हणून काकांनी पिंजरे हलवून काढा पिणारे आणि नुसतं पाणी पिणारे उंदीर एकत्रच कोंबायला सांगितले. आम्ही परतायच्या आत कानावरच्या खुणा बघून पुन्हा वेगळे केले. खुणा आहेत, मग बिघडलं कुठे? बिघडलं हे, की उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. एकाच्या पोटातले जंतू सगळ्यांच्या पोटात. दुधात चमचाभर विरजण पडल्यावर दूध दूध राहतं का?

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. तपासणीत जंतूंचा डीएनए पट्टीवर रेघांसारखा उमटतो; सगळ्या उंदरांच्या रेघा सारख्याच उमटल्या. ती बिचारी आठवडेच्या आठवडे स्वतःची चूक शोधत बसली. काढ्याच्या मुळ्या बदलल्या, पाणी बदललं, भांडंसुद्धा बदललं. शेवटी उंदरांची देखभाल करणारा माणूस बोलता बोलता मला सांगून गेला, "त्या आठवड्यात डॉक्टरांनी एकत्र ठेवायला लावले होते ना."

मी तिला घेऊन तडक काकांच्या केबिनमध्ये गेले. ते मराठीत सुरू झाले, कारण तिला कळू नये.

"फरक नाही आला, म्हणजे काढा बोगस. रिपोर्ट लिही, प्रोजेक्ट क्लोज करू."

"काका, तुम्ही उंदीर एकत्र ठेवलेत. फरक दिसणार कुठून?"

"मला उंदीर शिकवू नकोस. आणि हे बाहेर बोलायचं नाही. आपल्या घरातली गोष्ट आहे."

ती शेजारी उभी होती. तिच्या मुलीच्या शाळेचा निकाल माझ्या आईच्या भाषेत लागत होता आणि तिला अक्षर कळत नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळं पहिल्यापासून इंग्रजीत सांगितलं, तिच्याकडे बघून. तिने शांतपणे एकच प्रश्न विचारला, पिंजरे कुणी हलवायला सांगितले? काका कॉम्प्युटरकडे वळले.

प्रयोग पुन्हा करायची परवानगी मिळाली, ती मला. तिच्या व्हिसाच्या एक्स्टेन्शनचा अर्ज काकांनी पाठवलाच नाही. मुलीला शेवटच्या वर्षात शाळेतून काढून ती परत गेली. मी तिच्याच भांड्यात काढा उकळला, पिंजरे वेगळे ठेवले. या वेळी रेघा इतक्या वेगळ्या आल्या, की शाळकरी पोरानेही ओळखल्या असत्या.

पुढच्या वर्षी मंडळात काकांचं व्याख्यान होतं. पडद्यावर त्याच रेघा. काका म्हणाले, "काढा आणि आतडं, हे नातं आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं." हॉलभर टाळ्या. चीनचं नावही नाही.

मी उभी राहिले. नवरा हात ओढत कुजबुजला, "यार, इथे नको, सीन क्रिएट करू नकोस." मी हात सोडवला.

"काका, हा काढा चिनी आहे. ज्या बाईंनी केला त्यांना तुम्ही परत पाठवलंत."

काका माइकमध्ये हसले. "आमच्या घरातलीच मुलगी आहे, जरा तापट आहे." लोकही हसले.

"मी तुमच्या घरातली नाही, डॉक्टर," मी म्हटलं. मग तिचा प्रश्न मराठीत विचारला, सगळ्यांना कळेल असा. "पिंजरे कुणी हलवायला सांगितले?"

माइक त्यांच्याच हातात होता.