राधाबाईंची होकाराची तालीम

ओरोसच्या आमच्या बालगृहात मूल दत्तक घ्यायला जी जोडपी येतात, त्यांना राधाबाई ‘बघूक इलेली मंडळी’ म्हणतात. त्यांचं काही चुकत नाही. मी तिथे आठवड्यातून तीन दिवस कागदपत्रं टाईप करायला जाते आणि गेल्या चार वर्षांत पाहिलेले बहुतेक कार्यक्रम मुलगी बघण्याचेच होते. मंडळी गाडीतून उतरतात, हॉलमध्ये बसतात, चहा होतो, मूल आणलं जातं. नाव विचारतात, मग जरा चालून दाखव म्हणतात. एका बाईंनी मुलाच्या कानामागची कातडी पाहिली होती; खरा रंग तिथे कळतो असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. एका गृहस्थांनी बाळाच्या मूळ जातीचा ‘साधारण अंदाज’ मागितला. सगळी शिकलेली माणसं. ‘मुलाच्या सुखापलीकडे आमची काहीही अपेक्षा नाही’ असं प्रत्येकाच्या अर्जात लिहिलेलं असतं, आणि तो अर्ज फाईलला मीच लावते.

राधाबाई इथे बावीस वर्षं आया आहेत. मूळच्या वालावलच्या. साठी उलटली असावी. त्या स्वतः सांगत नाहीत. अंगाने काटकुळ्या, केसांत आबोलीचा वळेसर, मंगळसूत्राच्या जागी सेफ्टी पिनांचा झुबका. कुठल्या बाळाचा लंगोट कधी सुटेल याचा भरवसा नसतो, म्हणून. बघायला आलेल्यांना चहा देताना त्या एक नजर टाकतात आणि स्वयंपाकघरात येऊन निकाल सांगतात: ‘ह्यांचा काय होवचा नाय. बायल पोराक सोडून फरशी बघता.’ हा निकाल मी तरी कधी चुकलेला पाहिला नाही.

आमच्या बालगृहातल्या लक्ष्मीचा डावा पाय जन्मतः आत वळलेला होता. ऑपरेशन झालं, पाय बराचसा सरळ झाला, पण चालताना ती अंगाला एक झोका देते. सहा वर्षांची होईपर्यंत तिला तीन जोडप्यांनी बघितलं. पहिल्यांनी कळवतो म्हणून सांगितलं. दुसऱ्यांच्या घरी जिना होता. तिसऱ्यांनी चहासुद्धा अर्धा ठेवला. त्यानंतर नियमाप्रमाणे तिची फाईल परदेशी पालकांसाठी खुली झाली. आमच्याकडचा हापूस परदेशी जातो तो निवडून, पुसून, पहिल्या नंबरचा. मुलांचं बरोबर उलट आहे. इथे ज्याला कोणी हात लावत नाही, ते पेटीत भरतात.

इटलीच्या एका गावातल्या मार्ता आणि पाओलो या जोडप्याने तिला घ्यायचं ठरवलं. ती सायकली दुरुस्त करते, तो शाळेत स्वयंपाक करतो. ही बातमी बाहेर फुटली आणि जिल्ह्यात एकदम मायेचा पूर आला. एक पुढारी दोन माणसं घेऊन आले आणि आपलं चेडू, आपली लेक, परक्यांच्या हाती जाता कामा नये, धर्माचं काय, संस्कृतीचं काय, असं बराच वेळ बोलले. राधाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग लक्ष्मीला हाताला धरून आणलं, त्यांच्यासमोर उभं केलं आणि कोरा अर्ज टेबलावर ठेवला. ‘भाई, तुमीच घेवा. तुमच्या घराक तर जिनो पण नाय.’ भाईंना दुसरी मीटिंग होती. जाताना त्यांनी लक्ष्मीसोबत फोटो काढला.

तालीम सुरू झाली ती त्याच आठवड्यात. राधाबाईंच्या मते परदेशी जाणं आणि सासरी जाणं यात फरक काहीच नव्हता. मुलगी जाते ती परक्या घरात. तिथे तिने कशालाही नको म्हणता कामा नये. ताटात पडेल ते खायचं. मिठी मारली तर मारून घ्यायची. रडायचं ते न्हाणीघरात. आणि कोणी काहीही विचारलं तरी मान हलवून ‘हो’ म्हणायचं.

‘नाय म्हटलंस काय परत धाडतीत,’ त्या तिला रोज वेणी घालताना सांगत. ‘परत इलेल्या चेडवाक कोण इचारना नाय.’

मला हे वावगं वाटायला हवं होतं. मी पदवीधर आहे, बालमानसशास्त्राचा एक पेपरही दिलेला आहे. पण मी आईही आहे आणि माझी तन्वी क्लासहून दहा मिनिटं उशिरा आली तर मी गेटवर जाऊन उभी राहते. पाहुण्यांनी दिलेलं चॉकलेट तिने नाकारलं तर मीच तिला डोळे वटारते. तेव्हा मी काय केलं, तर लक्ष्मीकडून इंग्रजीतला ‘येस’ आणि ‘थँक यू’ घोटून घेतला. महिनाभरात ती इतकी गुणी झाली की आमच्या अधीक्षक प्राजक्ता मॅडम तिचं उदाहरण बाकीच्यांना देऊ लागल्या.

मार्ता-पाओलो आले. लक्ष्मीने त्यांना मिठी मारू दिली. पाओलोने तिच्यासाठी बिनमसाल्याचं काहीतरी उकडून आणलं, ते तिने शेवटच्या घासापर्यंत खाल्लं. बाहुली आवडली का, येस. बागेत जायचं का, येस. दमलीस का, येस. मार्ताने मला बाजूला घेऊन मोडक्या इंग्रजीत विचारलं, ही मुलगी आजारी आहे का?

मुलाची संमती नोंदवायला आम्ही सरकारी कार्यालयात गेलो. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई मुलांशी बोलायची सवय असलेल्या दिसल्या. त्यांनी लक्ष्मीला जवळ बसवलं आणि विचारलं, ‘तुला यांच्यासोबत त्यांच्या घरी जायचंय का?’

‘हो.’

‘की इथेच राहायचंय, राधाबाईंकडे?’

‘हो.’

बाईंनी पेन खाली ठेवलं. ‘आणि मी तुला माझ्या घरी नेलं तर?’

‘हो. थँक यू.’

दारातला शिपाई हसला. बाई हसल्या नाहीत. या मुलीची संमती आहे असं मी लिहू शकत नाही, कारण हिला नकार देता येतो असं मला दिसत नाही, असं त्यांनी प्राजक्ता मॅडमना सांगितलं आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. तेव्हाही हेच झालं तर प्रकरण परत वर पाठवावं लागेल. म्हणजे किती महिने, कोणी सांगू शकत नव्हतं. पाओलोची रजा पाच आठवड्यांची होती.

बालगृहात परतल्यावर मॅडम राधाबाईंना नको नको ते बोलल्या. मी फाईली लावत राहिले. माझा ‘थँक यू’ त्यात होता. राधाबाई मागच्या पायरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या. मी शेजारी बसले तेव्हा त्या सुपाकडे बघतच बोलल्या. सोळाव्या वर्षी त्यांचं लग्न झालं होतं. सासू रोज त्यांना आदल्या दिवसाचा भात वाढायची. ‘एक दिस म्हटलंय, शिळो भात माका नको. इतक्याच. आठव्या म्हयन्यात बापाशीक बोलवन परत धाडल्यानी. सांगल्यानी, चेडू उद्धट आसा.’ मग गावात कोणीही दुसरं स्थळ आणलं नाही. एका ‘नको’ची किंमत त्यांनी चव्वेचाळीस वर्षं मोजली होती. लक्ष्मीला ती पडू नये एवढंच त्यांना हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून राधाबाईंनी नकाराची तालीम सुरू केली, तीही तितक्याच कडक शिस्तीने.

‘लक्ष्मी गो, तुजा टक्कल करूया?’

‘हो.’

‘आज आंगणात झोपतंस? सरडो येतलो हां.’

‘हो.’

चार दिवस असे गेले. राधाबाईंनी तिला कारल्याचा रस विचारला, ती हो म्हणाली, आणि दिला तो प्यायलीही. मार्ताला हे बघवेना. पाओलोने मात्र माझ्याकडून सगळं समजून घेतलं आणि राधाबाईंकडून ‘दी’, म्हणजे ‘दे’, एवढा एक शब्द शिकला. पाचव्या दिवशी जेवताना तो लक्ष्मीच्या शेजारी मांडी घालून बसला. तिच्या ताटात तळलेला बांगडा होता. त्याने हात पुढे केला, ‘दी’ म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता अर्धा बांगडा उचलला.

लक्ष्मीने त्याच्या हातावर फटका मारला. ‘नाय. बांगडो माजो.’

पाओलो इतका खूश झाला की त्याला ठसका लागला. राधाबाईंनी उठून लक्ष्मीच्या ताटात दुसरा बांगडा वाढला.

मग मात्र बांध फुटला. लक्ष्मी आंघोळीला नाय म्हणू लागली, दुधाला नाय, वेणीला नाय, माझ्या इंग्रजीला तर ठाम नाय. मार्ताने आणलेल्या पांढऱ्या फ्रॉकला तिने हातसुद्धा लावला नाही. प्राजक्ता मॅडमनी उदाहरण देणं बंद केलं. आधी पोर बिघडवलीत ते कमी होतं का, असं त्यांनी राधाबाईंना विचारलं. राधाबाई म्हणाल्या, अजून थोडी बिघडूक होयी.

कारण एक नकार उरला होता, आणि त्याची तालीम त्या घेत नव्हत्या. त्या कार्यालयात दोन प्रश्न विचारले जाणार, एकाला हो आणि एकाला नाही म्हणावं लागणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी एकदा तसं सुचवलं. ‘ता माका शिकवक जमाचा नाय गो,’ त्या म्हणाल्या.

तारखेला आम्ही पुन्हा गेलो. अधिकारी बाईंनी आधी लक्ष्मीला बिस्कीट विचारलं. ती नाय म्हणाली. बाईंनी हे कागदावर लिहून घेतलं. मग मार्ता-पाओलोबरोबर जाशील का, असं विचारलं.

‘हो.’

‘आणि राधाबाईंकडे राहायचं असेल तर?’

लक्ष्मीने राधाबाईंकडे पाहिलं. राधाबाई छतावरच्या पंख्याकडे बघत होत्या, जणू तो बिघडलाय आणि दुरुस्तीचं काम त्यांच्याकडे आहे. मला वाटलं पोर आता रडेल. मीच रडले असते.

‘नाय,’ लक्ष्मी म्हणाली.

‘का गं?’

‘तिका खूप पोरां आसत. हेंका कोणच नाय.’

बाईंनी ते जसंच्या तसं लिहिलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा राधाबाईंनी पदराने तोंड पुसलं, नाकही पुसलं आणि मला म्हणाल्या, ‘बघलंस? भर कचेरीत माका नाय म्हटल्यान.’ तक्रारीचा सूर होता, पण बसमध्ये त्यांनी तीच तक्रार कंडक्टरलाही सांगितली, शेजारच्या बाईलाही.

लक्ष्मी गेली. ती जाताना आमच्यातल्या कितीतरी जणांना नशीब काढलं पोरीने असं वाटलं. तीन जोडप्यांनी तिला चालवून बघितलं तेव्हा हे नशीब कुठे होतं, ते कोणी विचारलं नाही. भाईंनी शुभेच्छांचा फलक लावला.

दर तीन महिन्यांनी तिकडून मुलाचा अहवाल येतो. पहिला गेल्या आठवड्यात आला. प्राजक्ता मॅडमनी तो वाचला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली: मुलगी बऱ्याच गोष्टींना नकार देते, अनुकूलन अपेक्षेपेक्षा कठीण. आता ते तिला परत तर करणार नाहीत ना, असं त्यांनी मला हळूच विचारलं. मी तो कागद घेऊन मागच्या पायरीवर गेले आणि राधाबाईंना मराठीत वाचून दाखवला.

त्यांनी पूर्ण ऐकला. सूप खाली ठेवलं.

‘परत येवचा नाय आता ता,’ त्या म्हणाल्या. ‘घर आपला समजल्याशिवाय कोण इतक्या नको म्हणना नाय. आणि काय काय नको म्हणता, ता परत वाच.’

मी पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. शाळेत दुपारी झोपायला नको. मार्ताच्या आईला पापा द्यायला नको. लोकरीची टोपी नको. पाओलोने केलेला पास्ता सोमवारी नको, मंगळवारी नको.