पंप कोणाच्या पाठीवर?
१९५८च्या श्रावणातला रविवार, खिशात ऐंशी रुपये आणि गोंदियातल्या अवजारांच्या दुकानात आम्ही तिघे: मी, आमची ही आणि तो दुकानदार. तरोट्याने आमचं दीड एकर कुरण गिळलं होतं. तो फुलायच्या आत तणनाशक फवारलं नाही, तर दोन्ही गाई विकाव्या लागणार होत्या.

दुकानदाराला मी चार वर्षं ओळखत होतो. तो आधी भाव कधीच सांगत नसे. मी चकचकीत मोठा पितळी पंप निरखू लागताच कानामागची पेन्सिल त्यावर वाजवून तो म्हणाला, "नवरीसारखं पाहून कायले राहिले, काकाजी? फवारणार कोण?"

"मी दिवसभर किराण्याच्या गादीवर. फवारणार ही."

"मंग तुमाले कायले विचारून राहिलो मी!"

त्याने लहान पंपात पाणी भरलं आणि हिच्या पाठीवर चढवला. "चला काकीजी, चौकापर्यंत."

ही दांडा हापसत निघाली. दोन दिवसांच्या उघडिपीने सुकलेल्या रस्त्यावर सरळ, अखंड ओली रेघ उमटत गेली. चौकातून ती ओरडली, "हाच घ्या जी!" भर बाजारात मी टाळी वाजवली.

लहान पंपाचे बासष्ट रुपये मी त्याच्या हातात दिले. पावती लिहिताना त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. विचारलं, "काकीजी, नाव सांगा."