अकरा मिनिटांची पट्टी

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सव्वीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स. घरात मी मिठाचा डबा जरा सरकवला तरी चौकशी बसायची. त्यांची एक खोड होती. ऑपरेशन चालू असताना बाहीवर पांढरी चिकटपट्टी लावायच्या आणि मॉनिटरवरचे आकडे वेळेसकट तिच्यावर टिपायच्या. घरी आल्यावर पट्टी वहीत. "लोक तिकिटं जमवतात, तुम्ही पट्ट्या!" मी चिडवायची.

त्यातल्याच एका पट्टीनं आमची झोप उडवली.

एक शिंपी हर्नियाच्या ऑपरेशनला आला होता. भूल देणारे डॉक्टर फोन घ्यायला बाहेर गेले आणि नेमकी श्वासाची नळी निसटली. वन्सं ओरडल्या, धावाधाव झाली, पण ऑक्सिजन अकरा मिनिटं वर आला नाही. माणूस जगला. आता त्याला साधं बटण लावता येत नाही. बायकोनं भरपाईचा दावा लावला, तर हॉस्पिटलच्या तक्त्यात ऑक्सिजन सुरुवातीपासून शेवटपर्यंत अठ्ठ्याण्णव! अक्षर वन्संचं. डॉक्टरांनी सांगितलं, त्यांनी लिहिलं, खाली सही ठोकली.

साक्षीच्या सकाळी त्यांनी वही पिशवीत घातली. मी पिशवीच धरली.

"वन्सं, पट्टी दाखवलीत तर तक्ता खोटा ठरेल, आणि तो तुम्हीच लिहिलाय. नोकरी जाईल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. कशाला हातानं पायावर धोंडा पाडून घेताय?"

"सोड. उशीर होतोय."

खरं सांगते, मला त्यांचा रागच आला.

कोर्टात शिंपी बायकोशेजारी बसला होता. शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात. वन्सं तिकडे बघतच नव्हत्या. हॉस्पिटलच्या वकिलानं वही उलटीपालटी केली.

"तक्त्यावरचं अक्षर तुमचंच?"

"हो."

"पट्टीवरचंही?"

"माझंच."

"मग खरं कोणतं मानायचं?"

"पट्टीवरचं मी बघून लिहिलं. तक्त्यावरचं सांगितलं म्हणून लिहिलं."

"खोटं होतं, तर सही का केलीत?"

वन्संनी पहिल्यांदाच शिंप्याकडे पाहिलं. उत्तर त्यालाच दिलं.

"भ्याले, दादा."